कान झाकले तर गाणं कसं ऐकू येणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक २४ वर्षांचे, सोलापूरचे. कापडाच्या एका घाऊक पेढीत हिशेबाचं काम करतात. मित्रांबरोबर पुण्याला कॉन्सर्टला जाण्याची त्यांना मनापासून आवड आहे, आणि गणपतीत ते मंडळाच्या लेझीम पथकात असतात. मागच्या कॉन्सर्टला ते स्टेजच्या बाजूच्या स्पीकरजवळ उभे होते. परतीच्या प्रवासात कानांत दडे बसले आणि बारीक शिट्टी वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थांबली. आता पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. इअरप्लग घ्यावेत असं त्यांना वाटतं, पण वीस रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे प्रकार पाहून ते गोंधळलेत. मित्र म्हणतात, "कान बंद करूनच ऐकायचं तर तिकीट कशाला काढलं बे?" वडिलांनी उभी हयात पॉवरलूमवर काढली. ते म्हणतात, "आम्ही कधी कानात काही घातलं नाही, कानाला सवय होते." घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज कुरबुर होते, हेही ओघात आलंय. त्यांचा प्रश्न: "सगळ्यात जास्त आवाज अडवणारा प्लग कोणता? आणि मजा जाणार नाही ना?"

नमस्कार.

तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधात आहेत असं तुम्ही धरून चाललायत. म्हणजे कान वाचवायचे तर मजा थोडी सोडावी लागणार आणि मजा हवी तर कानांचं जे होईल ते होईल. मला हे पटत नाही. सगळ्यात जास्त आवाज अडवणारा प्लग कॉन्सर्टला बहुधा चुकीचाच ठरतो, कारण तो मजा घालवतो. मजा गेली की माणूस प्लग काढून खिशात टाकतो, आणि खिशातल्या प्लगने कान वाचत नाहीत.

पण आधी त्या शिट्टीबद्दल बोलू. ती थांबली म्हणून तुम्ही निश्चिंत झालात. कान बरा झाला, विषय संपला, असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. आतल्या कानात, कॉक्लिया नावाच्या गुंडाळलेल्या नळीत, प्रत्येक बाजूला साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांच्या टोकावरचे अतिसूक्ष्म केस हलतात आणि त्या हलण्याचा संदेश मेंदूकडे जातो. फार मोठा आवाज फार वेळ झाला की या पेशी थकतात. तेव्हाच दडे बसल्यासारखं होतं आणि शिट्टी ऐकू येते. विश्रांती मिळाली की बऱ्याच पेशी सावरतात, पण काही मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. शिवाय २००९ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटलेले होते. माणसातही असंच होत असेल तर तपासणीत कान ठणठणीत दिसेल आणि तरीही लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं नीट कळणार नाही. तेव्हा मागच्या वेळची शिट्टी ही कानाने दिलेली सूचना समजा. घाबरून जाऊ नका, पण "थांबली ना?" म्हणून सोडूनही देऊ नका.

आता वडिलांचं म्हणणं. त्यांच्या पिढीचा हा अनुभव खोटा नाही. धोट्याच्या लूमच्या शेडमध्ये गेलेल्या कुणालाही ते कळेल. प्रत्येक फेऱ्याला पिकर, म्हणजे लूमचा ठोका देणारा भाग, धोट्याला (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याला) ठोकतो, धोटा पलीकडच्या पेटीत आदळतो, तिथून पुन्हा ठोका. असे कितीतरी लूम एकाच पत्र्याच्या छपराखाली चालतात. तिथली माणसं बोलायचं तर कानाशी तोंड नेतात, नाहीतर हातवारे करतात. लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायला हाक कुणी मारत नाही, हात वर करतात. काही दिवसांनी तो आवाज खुपेनासा होतो, हेही खरं. पण सवय होते ती मनाला. पेशी मोजकंच सहन करतात, आणि कमी ऐकू येऊ लागलं की आवाज कमी त्रासदायक वाटणारच. आवाजाने येणारं बहिरेपण कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टातही कामामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत होतं. टीव्हीच्या आवाजाची जी कुरबुर तुम्ही सहज म्हणून लिहिलीत, तीच मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. त्याबद्दल शेवटी सांगते.

किती आवाज म्हणजे जास्त? कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने घालून दिलेलं प्रमाण जगभर वापरलं जातं: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. मोठ्या कॉन्सर्टमध्ये पुढच्या भागात १०० ही रोजची गोष्ट आहे, आणि स्पीकरच्या तोंडाशी आकडा त्याच्याही वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जे मानक जाहीर केलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना प्लग उपलब्ध असावेत आणि कान विसावायला शांत जागा असावी, असं म्हटलंय. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर भोंगे बंद वगैरे. ते प्रामुख्याने आजूबाजूला राहणाऱ्यांच्या झोपेसाठी आहेत. स्पीकरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानांची काळजी त्याची त्यालाच घ्यावी लागते.

या आकड्यांतून प्लगचा हिशेब करता येतो, आणि हिशेब तर तुमचंच काम आहे. आवाज १०० असेल आणि प्लगने खरोखर १२ डेसिबल कमी केले, तर कानापर्यंत ८८ पोचतात, म्हणजे ४ तास. अख्खी कॉन्सर्ट त्यात बसते. कॉन्सर्टसाठी तुम्हाला १२ ते २० डेसिबल पुरतात. ३० ची गरज नाही.

आता दुसरा हिशेब. मी सर्वात जास्त भर यावर देते आहे. समजा तुम्ही ३० डेसिबल अडवणारा तगडा प्लग घेतला. तीन तासांच्या कार्यक्रमात मित्राशी बोलायला, आवडतं गाणं "नीट" ऐकायला, असं करत एकूण अठरा मिनिटं तो कानाबाहेर राहिला. अठरा मिनिटं म्हणजे वेळेचा दहावा भाग, आणि त्या वेळात कानावर उघड्या आवाजाची पूर्ण ऊर्जा पडली. ऊर्जा दहाव्या भागावर आली तर आवाज १० डेसिबलनेच उतरतो, म्हणून सगळं मिळून संरक्षण उरतं जेमतेम १० डेसिबल. पॅकेटवर ३० लिहिलेलं असो की ३५. याउलट १५ डेसिबलचा प्लग पहिल्या गाण्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत कानात राहिला तर १५ मिळतात. म्हणून निवडताना पॅकेटवरच्या आकड्याआधी "हा मी तीन तास काढणार नाही ना?" हे स्वतःला विचारा.

तुमच्यासमोरचे पर्याय याच कसोटीवर पाहू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पिळून घालायचा फोमचा प्लग. सोलापुरात हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी बूट विकणाऱ्या औद्योगिक सुरक्षेच्या दुकानांत मिळतो, औषधांच्या काही दुकानांतही मिळतो. नीट बसला तर आवाज भरपूर अडवतो. पण कानाची नळी उघडी असताना २७०० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप उचलून देते. नळी फोमने भरली की ती उचल जाते, वर फोम स्वतः उंच स्वर जास्त खातो. खर्ज मात्र शरीरातून, हाडांतून येतच राहतो. मग झांज, सतार, गायिकेच्या आवाजातली धार हे सगळं बुजतं आणि नुसता धबधबा उरतो, तोंडावर सोलापुरी चादर ओढून ऐकावं तसा. "प्लग घातला की मजा जाते" ही तुमच्या मित्रांची तक्रार बहुतेक फोमच्याच अनुभवावरून आलेली असणार, आणि फोमपुरती ती रास्त आहे.

यावरचा उपाय म्हणजे फिल्टर असलेले प्लग, ज्यांना म्युझिशियन्स किंवा हाय फिडेलिटी इअरप्लग म्हणतात. त्यांच्या मधल्या बारीक नळीत आणि पडद्यात अशी रचना असते की कानाच्या नळीची ती नैसर्गिक उचल राखली जाते आणि उंच, मधले, खर्जाचे स्वर साधारण सारख्याच प्रमाणात उतरतात. गाणं तेच राहतं, फक्त कुणीतरी आवाजाची कळ खाली फिरवलेली असते. अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्चने १९८८ मध्ये असा १५ डेसिबलचा प्लग वादकांसाठी आणला, आता कितीतरी कंपन्या बनवतात. सिलिकॉनचे असतात, धुऊन पुन्हा वापरता येतात, किंमत साधारण एका तिकिटाइतकी किंवा कमीच. पुढच्या महिन्यासाठी तुम्ही हेच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑनलाइन मागवावे लागतील, तेव्हा आजच मागवा. निघायच्या दिवशी धावपळ केलीत तर कापसाचे बोळेच हाती येतील. आणि कापूस म्हणजे काहीच नाही. तो जेमतेम काही डेसिबल अडवतो, मनाला मात्र सुरक्षित वाटतं, म्हणून मला तो धोक्याचा वाटतो.

फिल्टरवाले प्लग घेताना एवढं बघा. पॅकेटवर प्लग किती डेसिबल अडवतो याचा एनआरआर (अमेरिकी) किंवा एसएनआर (युरोपीय) आकडा छापलेला असावा. नुसतं "कॉन्सर्टसाठी" लिहिलेलं आणि आकडा नसलेलं सोडून द्या. छापील आकडा प्रयोगशाळेतला असतो, तज्ज्ञाने बसवून मोजलेला. तुमच्या कानात तो तितका मिळेलच असं नाही, म्हणून थोडा वरचढ घ्या. दोन-तीन मापांची टोकं सोबत येणारा संच असेल तर उत्तम. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसतात, उजव्याला मधलं आणि डाव्याला लहान टोक लागणं अगदी नेहमीचं आहे.

कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग हा तिसरा प्रकार. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, कानाच्या नळीत मऊ मसाला भरून ठसा घेतात, त्यावरून प्लग बनतो, त्यात ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बसतो. आरामाला तोड नाही. पण वर्षातून तीन-चार कॉन्सर्टसाठी हा खर्च करा असं मी सांगणार नाही. जो दर आठवड्याला ऑर्केस्ट्रात वाजवतो, डीजेच्या गाडीवर काम करतो किंवा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, त्याने मात्र वेळ न घालवता करून घ्यावेत.

आवाज कापणारे इअरबड चालतील का, असंही बरेच जण विचारतात. ते विमानाच्या, ट्रेनच्या घरघरीसाठी असतात. कॉन्सर्टच्या आवाजात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबाबांसाठी: त्यांच्या कानात प्लग टिकत नाहीत, कानावर बसणारे मफ वापरा आणि स्पीकरपासून लांब उभे राहा.

लांब उभं राहणं तुमच्यासाठीही आहे. लहान स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मोठ्या कॉन्सर्टमधल्या टांगलेल्या रांगांचा त्याहून कमी उतरतो, पण जमिनीवरच्या खर्जाच्या स्पीकरसमोरून बाजूला झालात तरी बराच फरक पडतो. आवाज जुळवणाऱ्या माणसाचा टेबल जिथे असतो त्याच्या आसपास जागा मिळाली तर घ्या. तो स्वतः जिथे बसून ऐकतो, तिथेच गाणं सगळ्यात चांगलं लागतं.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. पुण्याची कॉन्सर्ट वर्षातून काही वेळा, पण लेझीम? गणपतीच्या आधी कित्येक रात्री सराव चालतो. शेकून ताणलेल्या हलगीची थाप तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर पडत असते, सोबत झांजा. मिरवणुकीच्या दिवशी त्यात मागच्या मंडळाच्या स्पीकरच्या भिंती येतात, आणि बाळीवेशीसारख्या अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परततो. वर्षाचा हिशेब मांडला तर तुमच्या कानांवरचा मोठा बोजा कदाचित लेझीमचाच निघेल. म्हणून घेतलेले प्लग फक्त पुण्यासाठी राखून ठेवू नका. सरावालाही घाला. फिल्टरवाले असले की पथकप्रमुखाची शिट्टी ऐकू येते, ठेका चुकत नाही, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्नही कळतो. रस्त्यावर फोम घालून नाचायला मात्र मी सांगणार नाही. त्याने आजूबाजूचं फारच कमी ऐकू येतं.

प्लग आले की घरीच घालून बघा. कॉन्सर्टच्या गर्दीत पहिल्यांदा घालू नका. हात धुवा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. मग उजव्या हाताने प्लग हळूहळू आत सरकवा. फोमचा असेल तर आधी चिमटीत वळून सुरकुती न पडता बारीक करा, आत गेल्यावर बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवा, तो फुगेपर्यंत. बसला की नाही याची परीक्षा सोपी आहे. मोबाइलवर गाणं लावा आणि दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. दाबल्याने आवाज फारसा बदलला नाही तर प्लग बरोबर बसलाय. बराच बदलला तर पुन्हा घाला. स्वतःचा आवाज आत घुमल्यासारखा वाटेल, ते योग्यच आहे. सुरुवातीची दहा मिनिटं विचित्र जातील, मग तुम्ही विसराल. काढताना झटक्याने ओढू नका, किंचित फिरवत काढा. घरी आल्यावर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून डबीत ठेवा. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा मळ साठलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही आत घालू नका.

मित्रांचं काय? वाद घालू नका, आवाजात तो ऐकूही येणार नाही. पारदर्शक प्लग घ्या, कुणाला दिसणार नाहीत. आणि जाताना फोमच्या दोन-चार जास्तीच्या जोड्या खिशात ठेवा. "बे" म्हणणाऱ्या मित्राचे कान तासाभरात दुखू लागले तर न बोलता एक जोडी पुढे करा. स्टेजवरचे गायक-वादक कानात काय घालून उभे असतात, तेही एकदा त्याला नीट बघायला सांगा. कुणी प्लग घालतं, कुणी कानातला मॉनिटर. त्यांचं पोट या कानांवरच चालतं.

आणि वडील. त्यांना "तुमचं चुकलं" असं म्हणू नका. त्या काळात शेडमध्ये कुणी प्लग दिले नाहीत, घालायला सांगितलं नाही, आणि लूम बंद ठेवून घर चालत नव्हतं. फक्त टीव्ही मोठा लागतो, फोनवर "काय? काय?" होतं, बायका-मुलांचे बारीक आवाज कळत नाहीत, ही लक्षणं लूमच्या आवाजाने गेलेल्या कानाची असू शकतात. सहसा ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं आधी जातं, म्हणून "आवाज येतो पण शब्द कळत नाही" असं होतं. श्रवणयंत्राने यात खरोखर फरक पडतो, आणि घरातली कुरबुरही कमी होते.

तेव्हा कॉन्सर्टच्या आधी एका दिवशी दोघे मिळून ऑडिओमेट्री करून या. सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात किंवा कुठल्याही ऑडिओलॉजिस्टकडे होते, दुखत नाही. एका बंद खोलीत बसून बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. जाण्याआधी निदान चौदा तास मोठ्या आवाजापासून लांब राहा, लेझीमचा सराव झाल्यावर लगेच जाऊ नका. मिळालेला आलेख जपून ठेवा, पुढे कधी शंका आली तर तुलनेला तोच लागेल. कॉन्सर्टनंतर शिट्टी एक-दोन दिवसांत थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र रविवार असो की सण, त्याच दिवशी जा. अशा बहिरेपणावर औषधाचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या काही दिवसांतच.